लागेल कधीतरी : एका कार्यानुभव शिक्षिकेच्या दोन खोल्या

आत्याच्या घरात बसायला जागा नव्हती असं म्हटलं तर तिला राग येईल. जागा होती. दिवाणाच्या उजव्या टोकाला, एका माणसापुरती. एरवी तिथे ती बसायची, आणि कुणी आलं की उठून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. दोघं एकदम आले तर दुसरा जिन्यात उभा राहून बोलायचा. डोंबिवली पूर्वेला जुनी तीन मजली इमारत, दुसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, ४६० चौरस फूट. त्यात दारापासून मोरीपर्यंत जेमतेम दीड फूट रुंदीची वाट होती. त्या वाटेनं आत्या रात्री दिवा न लावता जायची. आम्ही मात्र प्रत्येक वेळी काहीतरी पाडायचो.

मागच्या वर्षी जानेवारीत इमारतीचा पुनर्विकास पक्का झाला आणि ३१ मेपर्यंत घरं रिकामी करायची नोटीस लागली. जवळच भाड्यानं घेतलेलं घर याहून लहान. म्हणजे हातात साडेचार महिने. त्या काळात काय केलं, काय फसलं, काय थोडंफार जमलं, ते इथे मांडते आहे. आत्याच्या परवानगीनं लिहिते आहे. तिनं वाचून दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि एका परिच्छेदासमोर ‘हे खोटं आहे’ असं पेन्सिलीनं लिहिलं. तो परिच्छेद मी काढला. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

मी मानसशास्त्राची नाही. एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. पुस्तकं विकत घेणं हा आमच्या कामाचा सोपा भाग. ती कमी करणं अवघड. आमच्याकडे त्याला निर्लेखन म्हणतात. फाटकं पुस्तकसुद्धा उचलून रद्दीत टाकता येत नाही. त्याचा दाखल क्रमांक, कारण, मंजुरी, सगळं लागतं. हे आधी सांगते, कारण पुढे ते उपयोगी पडलं.

काय काय होतं

आत्या ७१ वर्षांची. एका मराठी शाळेत एकतीस वर्षं कार्यानुभव शिकवायची. ज्यांना हा विषय आठवत नसेल त्यांच्यासाठी : वेळापत्रकात त्याचा तास गणिताच्या शिक्षकांना हवा असायचा आणि मुलांना तो कधी जाऊ द्यायचा नसायचा. टाकाऊतून टिकाऊ हा त्यातला हक्काचा धडा. म्हणजे जी गोष्ट घरात अडगळ म्हणून बोलणी खाते, तीच तिची एकतीस वर्षांची नोकरी होती. तेरा वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली. सहा वर्षांपूर्वी आतोबा गेले. मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, न्यू जर्सीला.

पिशव्यांची पिशवी प्रत्येक मराठी घरात असते. आत्याकडे पिशव्यांच्या पिशव्यांची पिशवी होती. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून गोडेतेलाचे पत्र्याचे डबे, त्यांत बटणं, रंगांप्रमाणे वेगळी. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत मणी, टिकल्या, कवड्या, फुटक्या बांगड्यांचे तुकडे. चपलांच्या खोक्यांत आईस्क्रीमच्या काड्या, धुऊन वाळवलेल्या. पिस्त्यांची टरफलं, अक्रोडाची टरफलं, काचपेपरनं घासून गुळगुळीत केलेल्या करवंट्या. नव्या शर्टांतून निघालेले पुठ्ठे. रिकाम्या रिफिली. कॅसेटच्या फिती. लोकरीचे गुंडे, त्यांतले निम्मे वळून गाठी झालेले. लग्नपत्रिका २१४, आणि शिवाय नुसते कापून घेतलेले सोनेरी गणपती एका वेगळ्या वहीच्या पानांत. सहा वर्षांच्या मखरांचा थर्माकोल माळ्यावर. राज्यात २०१८ साली प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हा तिला वाईट वाटलं ते बंदीचं नाही. ‘आता नवीन मिळणार नाही, असलेला जपायला हवा’ याचं.

आतल्या खोलीत सहा ट्रंका, पलंगाखाली आणि पलंगावर. ती स्वतः दिवाणावर अंग मुडपून झोपायची. ट्रंकांत साड्या आणि साड्यांचे मोठे तुकडे मिळून १६०, गोधड्यांसाठी. स्वतःच्या, आईच्या, सासूबाईंच्या, आणि शेजारणींनी ‘तुम्ही काहीतरी कराल’ म्हणून आणून दिलेल्या. कोपऱ्यात आमच्या घराण्यातल्या तीन लग्नांच्या रुखवतातलं उरलंसुरलं : काड्यांचं तुळशीवृंदावन, काचेच्या पेटीत मण्यांनी मढवलेल्या सुपाऱ्या, मान तुटलेला लोकरीचा राजहंस.

घर घाण नव्हतं. झुरळ दिसलं नाही, कुबट वास नव्हता, डांबरगोळ्यांचा मात्र होता. स्वयंपाकघर लख्ख. हे मुद्दाम लिहिते, कारण असलं घर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर उकिरडा येतो.

नाव द्यायचं तर

वस्तू टाकवत नाहीत आणि साठतच जातात, याला इंग्रजीत हॉर्डिंग म्हणतात. मराठीत त्याला नेमका शब्द नाही. साठेबाजी म्हटलं की कांद्याचे व्यापारी आठवतात. संग्राहक म्हटलं की पुण्याचे दिनकर केळकर. बाजीराव रस्त्यावरच्या त्यांच्या संग्रहालयात अडकित्ते, दिवे, दौती, दारं अशा वीस हजारांवर वस्तू आहेत, आणि संग्रहालयाला नाव आहे ते लहानपणीच गेलेल्या त्यांच्या मुलाचं, राजाचं. म्हणजे तिथेही मुळाशी दुःख आहे. पण केळकरांची वस्तू नोंदली गेली, मांडली गेली, लोकांनी पाहिली. आत्याची वस्तू डब्यात गेली, डबा खोक्यात, खोकं ट्रंकेमागे. तिची तिलाही परत दिसत नव्हती.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या सूचीत याला पहिल्यांदा स्वतंत्र विकार म्हणून जागा दिली. तोवर ते मंत्रचळाचं (ओसीडीचं) एक लक्षण मानलं जाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीतही ते आता वेगळं आहे. किती सामान आहे हा त्यातला प्रश्नच नाही. टाकताना जिवावर येतं का, ठेवलंच पाहिजे असं वाटतं का, आणि खोली ज्या कामासाठी आहे त्या कामाला ती येते का, हे पाहतात. पलंग असून दिवाणावर झोपावं लागत असेल तर उत्तर उघड आहे. यासाठी एक फोटोंची मोजपट्टी वापरतात : स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि बैठक, प्रत्येकी नऊ फोटो, पहिला मोकळ्या खोलीचा, नववा छताला टेकलेल्या ढिगाचा. आपली खोली कुठल्या फोटोसारखी ते ठरवायचं. चार किंवा पुढे गेलं तर दुर्लक्ष करू नये. माझ्या मते बैठक पाच, आतली खोली सात, स्वयंपाकघर दोन. आत्यानं स्वतः लावलं तेव्हा चार, सात, एक. म्हणजे तिला दिसत होतं. ‘तिला कळतच नाही’ असं आम्ही सगळे म्हणायचो, ते चूक होतं.

मानसोपचारतज्ज्ञांकडे आम्ही एकदाच गेलो. म्हातारपणी अचानक साठवायला लागलेल्या माणसाची स्मृती आधी तपासावी लागते, स्मृतिभ्रंशाची ती सुरुवात असू शकते. आत्याची तपासली, उत्तम निघाली. डॉक्टरांनाच तिनं त्यांच्या पेनस्टँडला टेकू कसा लावावा ते सांगितलं. तिची सवय तरुणपणापासूनची. अशा सवयी लहान वयात सुरू होतात आणि वयाबरोबर वाढतात. निवृत्तीनं वाढली, आतोबांच्या जाण्यानं आणखी. डॉक्टर म्हणाले, सध्या गोळ्यांची गरज नाही, पण तिच्या पाठीमागे काही टाकू नका. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ते तर करून झालं होतं.

अकरा पोती

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आतेभाऊ दहा दिवसांसाठी आला. आत्या रत्नागिरीला लग्नाला गेली होती, दोन रात्री. त्यानं भंगारवाला बोलावला आणि अकरा पोती भरून दिली. त्याचा हेतू वाईट नव्हता. आईला परत आल्यावर मोकळं घर दिसेल, ती आधी रागावेल, मग खूश होईल, असं त्याला वाटलं. मलाही त्यानं फोनवर विचारलं होतं आणि मी ‘बघ बाबा’ म्हटलं होतं. ‘बघ बाबा’ म्हणजे हो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आत्या आली, दारात थांबली, एक शब्द बोलली नाही. पर्स ठेवून खाली उतरली. भंगाराच्या दुकानात जाऊन तिनं तीन पोती पैसे देऊन परत आणली. उरलेल्यांपैकी एकात आतोबांचे सदरे होते. नातवासाठी त्यांची गोधडी करायची होती. ते पोतं पुढे गेलं होतं.

त्यानंतर तिनं आतल्या खोलीला कुलूप घातलं. तीन महिन्यांत मोकळी झालेली जागा भरली, आणि आधीपेक्षा जास्त भरली. नवं सामान आधीच्यासारखं निवडकही नव्हतं : खोके, बाटल्या, काहीही. मी नंतर वाचलं की सक्तीनं साफ केलेली घरं अशीच पुन्हा भरतात. वाचायची गरज नव्हती, समोर दिसत होतं. आतेभाऊ अजून म्हणतो, ‘भंगारच होतं ना ते?’ होतंच. पण आत्याला त्या दिवशी कळलं की ती घराबाहेर पाऊल टाकेल तेव्हा घर तिचं राहत नाही.

माझ्या घरी दहा मिनिटं

फेब्रुवारीत ती माझ्याकडे दोन दिवस राहायला आली. मी सहज माझ्या शिवणाच्या कप्प्याकडे बोट दाखवलं. तिनं दहा मिनिटांत रिकामा केला. ‘हा फॉल कुजलाय, टाक. ही चेन अडकते, टाक. हे काय ठेवलंयस? याचं काही होत नाही, टाक.’ बाईचा हात चालत होता तो बघून मला हसू आलं आणि रागही. इतकी धारदार नजर असलेली बाई स्वतःच्या घरात एक रिफिल टाकू शकत नाही?

याचा एक अभ्यास आहे, डेव्हिड टोलिन यांच्या गटानं २०१२ साली छापलेला. या विकाराच्या लोकांना मेंदूचं चित्रण चालू असताना टपालाचे कागद दाखवले, काही त्यांचे स्वतःचे, काही परक्याचे. ठेवायचा की फाडायचा, ठरवा. परक्याच्या कागदांना मेंदूतले निर्णयाशी जोडलेले भाग थंड राहिले, हा विकार नसलेल्यांपेक्षाही थंड. स्वतःच्या कागदांना तेच भाग पेटून उठले. म्हणजे निर्णयशक्ती कमी असते असं नाही. वस्तू माझी म्हटली की तराजूच बदलतो.

तेव्हापासून मी एक केलं. तिच्या घरी वस्तू तिच्या हातात द्यायची नाही. मी धरायची, तिनं बघायची. एकदा हातात आली की बोटं ती वस्तू ओळखतात, आणि मग संपलं.

काड्यांची अदलाबदल

आता मुद्द्याचं. या विषयावरचं आधुनिक संशोधन सुरू करणारे मानसशास्त्रज्ञ रँडी फ्रॉस्ट माणसं वस्तू का ठेवतात याची तीन कारणं सांगतात : उपयोग, भावना आणि वस्तूचं देखणेपण. मी वहीत तीन रकाने आखून गेले. आत्यानं जवळजवळ सगळं पहिल्या रकान्यात टाकलं. काड्या, लागतील. पुठ्ठे, लागतील. पत्रिका, लागतील. तुटक्या मानेचा राजहंस? ‘त्याची लोकर लागेल.’ आठवणीच्या रकान्यात आतोबांचा चष्मा आणि सासूबाईंची नथ, बस्स.

मला ते पटेना. मग एके दिवशी मी हस्तकलेच्या दुकानातून आईस्क्रीमच्या कोऱ्या काड्यांची पाकिटं घेऊन गेले, एकसारख्या, गुळगुळीत. म्हटलं, ‘या घे, तुझी चार खोकी मला दे.’ तीन खोकी तिनं लगेच दिली, वर म्हणाली, ‘या बऱ्या आहेत, त्या वाकड्या झाल्यात.’ चौथ्या खोक्यावर हात ठेवून बसली. 

‘हे नको.’

‘का? त्याही काड्याच.’

बऱ्याच वेळानं म्हणाली, ‘सातवी ब.’ एका वर्षी स्नेहसंमेलनाला सातवी ब नं काड्यांचा रायगड करायचा ठरवला. मुलं घरोघरून काड्या गोळा करून आणायची, शाळेबाहेरचा कुल्फीवाला वेगळ्या ठेवायचा. आणि जोरात पाऊस झाला, वर्गाचं छत गळालं, रायगड झालाच नाही. उरलेल्या काड्या आत्यानं घरी आणल्या. म्हणजे चौथं खोकं हे सामान नव्हतंच. ती एक न झालेली गोष्ट होती.

त्या दिवसापासून ही कसोटी आम्ही सगळीकडे लावली : याच्या जागी नवं, याहून चांगलं दिलं तर हे देशील? हो म्हटलं तर ते सामान. नाही म्हटलं तर ती आठवण, वरचं लेबल काहीही असो. ‘लागेल’ लिहिलेल्या ढिगातला जवळजवळ तिसरा हिस्सा असा आठवण निघाला. खडूंची रिकामी खोकी. शाळेच्या शिक्क्याचे जुने लिफाफे. लोकरीचा राजहंस माझ्या आईनं स्वतःच्या रुखवतासाठी विणला होता, आणि माझी आई आता नाही. आत्या मला तोंडावर ते म्हणू शकत नव्हती, म्हणून लोकरीचं कारण.

मला वाटतं, आपल्याकडे ‘लागेल’ हे इभ्रतीचं कारण आहे. काटकसर, टाकाऊतून टिकाऊ, लक्ष्मीचा अपमान नको, सगळं त्याच्या बाजूनं उभं राहतं. ‘माझा जीव अडकलाय’ म्हणणं पोरकट वाटतं, विशेषतः सत्तरीच्या बाईला, विशेषतः तिला उत्तरं विचारणाऱ्या मुलाच्या आणि भाचीच्या पुढे. म्हणून जीव अडकलेल्या वस्तू उपयोगाचा झगा घालून बसतात. आणि आम्ही वाद घालतो उपयोगावर : ‘आत्या, रिफिलींचं काय करणार तू?’ वादात ती हरते, वस्तू टाकत नाही, आणि आम्ही म्हणतो हट्टी आहे.

एकदा वादात तिनं नेकचंद काढले. चंदीगडचे रस्ते-निरीक्षक, १९५७ पासून सरकारी जंगलात गुपचूप फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरश्या नेऊन बाग रचत होते, १९७६ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. ‘त्यांच्या बायकोच्या भाचीनं येऊन टाकून दिलं असतं तर?’ मी म्हटलं, नेकचंद रोज रात्री सायकलवरून जाऊन लावत होते. त्यावर ती गप्प बसली. हे मी जिंकायला नको होतं, आठवडाभर तिनं वहीला हात लावला नाही.

१,८०० दिवस

जे खरंच सामान होतं त्याचा प्रश्न वेगळा. तिथे रडारड नव्हती, स्वप्नं होती. तिला बांगडीचा तुकडा दिसला की पूर्ण तोरण दिसायचं. तोरण केल्याचं सुख तुकडा डब्यात टाकतानाच मिळून जायचं. आतोबा गेल्यापासून पूर्ण झालेल्या वस्तू दोन : एक तोरण, एक बाळाची टोपी.

मी काही बोलले नाही. तिला फक्त हिशोब विचारला. गोधडीला किती साड्या? आतबाहेर धरून चार. म्हणजे १६० साड्यांच्या गोधड्या? चाळीस. एक गोधडी हातानं, धावदोऱ्यानं, घट्ट ओळीत? रोज दोन तास बसलं तर दीड महिना. पुढचं तिनंच लग्नपत्रिकेच्या पाठीवर मांडलं. चाळीस गुणिले पंचेचाळीस. १,८०० दिवस. पाच वर्षं, सणवार, आजारपण, मोतीबिंदू काही न धरता. ‘म्हणजे शहात्तर,’ ती म्हणाली. मग, ‘नुसत्या गोधड्याच. बाकीचं वेगळंच.’

पेन खाली ठेवून ती चहा करायला गेली. आल्यावर म्हणाली, ‘तीन करते. नातवाची, तुझी, माझी.’

तीन गोधड्यांच्या बारा साड्या निवडायला दोन रविवार लागले. उरलेल्या १४८ सोडायला अर्धा तास. साडी सोडणं अवघड नव्हतं, चाळीस गोधड्या सोडणं अवघड होतं, आणि ते लग्नपत्रिकेच्या पाठीवर होऊन गेलं होतं. मी या सगळ्यातून एकच पद्धत उचलायला सांगितली तर ही सांगेन : वस्तूवर बोलू नका, तिच्यापासून होणाऱ्या कामाला दिवस किती लागतील ते त्या माणसालाच मांडू द्या.

नोंदवही

आठवणींना हिशोब चालत नाही. तिथे निर्लेखन कामी आलं. मी ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीसारखी वही आखली : क्रमांक, वस्तू, कुणाची, काय आठवतं, पुढे कुठे. आत्या खूश. शाळेत डेड स्टॉकचं रजिस्टर वर्षानुवर्षं तिच्याकडेच असायचं. तिनं माझी अक्षरं बघून वही काढून घेतली आणि स्वतः लिहायला लागली.

मोबाईलवर फोटो काढून ठेव, असा सल्ला सगळे देतात. आम्हीही काढले. तिनं ते परत एकदाही पाहिले नाहीत. पण लिहिलेली नोंद ती वाचून दाखवायची, खाली आलेल्या भाजीवालीलासुद्धा. वही भरायला लागली तशी काही वस्तूंची घट्ट पकड सुटली. लग्नात मिळालेला बंद मिक्सर गेला. सातवी बची काडी एक ठेवली, वहीच्या पानावर चिकटवून, खोकं गेलं. राजहंस माझ्याकडे आला. आणि काही गोष्टींपुढे ती ‘राहू दे’ लिहित गेली. आतोबांचे लोकलचे तिमाही पास, डोंबिवली ते व्हीटी, रबरबँडात बांधलेले, तीस वर्षांचे. मी विचारलं, दोन-चार ठेवूया का? तिनं नुसतं पाहिलं. सगळे मिळून साबणाच्या डबीत मावत होते. त्यावर वेळ घालवणं हा माझाच मूर्खपणा. थर्माकोलनं अर्धा माळा खाल्ला होता आणि त्याच्यात कुणाचाही जीव नव्हता.

मार्चमध्ये मी तिला चीनच्या झाओ शियांगयुआन यांच्याबद्दल सांगितलं. बीजिंगमधल्या या बाईनं टंचाईच्या काळात जगताना काहीच टाकलं नाही, आणि २००२ मध्ये नवरा गेल्यावर घर भरूनच टाकलं. मुलगा सोंग दोंग कलावंत. त्यानं टाकून देण्याऐवजी आईबरोबर बसून २००५ मध्ये घरातलं सगळं, दहा हजारांवर वस्तू, घराच्या लाकडी सांगाड्यासकट, एका दालनात मांडलं : ट्यूबची टोपणं, भांडी, चपला, कापडाची गाठोडी, आपापल्या रांगांत. आई तिथे येऊन लोकांशी बोलायची. नंतर ते न्यूयॉर्कलाही गेलं, पण त्याआधी, २००९ च्या सुरुवातीला, ती वारली. साबणाची गोष्ट मला फार आवडते. रेशनच्या काळात तिनं मुलाच्या संसारासाठी साबणाच्या वड्या साठवल्या. त्याचं लग्न झालं तेव्हा घरात वॉशिंग मशीन होतं. वड्या तिनं तशाच ठेवल्या.

आत्यानं फोटो मोठा करून बघितला. ‘वाळून दगड झाले असतील.’ मग रांगा निरखत राहिली. ‘वर्गीकरण चांगलं केलंय. पण टोपणं रंगावर लावायला हवी होती.’ थोड्या वेळानं, ‘मुलगा होता ना बरोबर.’

आतेभावाला मी त्या रात्री फोन केला. एप्रिलमध्ये तो आला नाही, सुट्टी नव्हती. पण रविवारी सकाळी व्हिडिओवर यायला लागला, आणि आत्या त्याला पाच-पाच नोंदी वाचून दाखवायची. पहिल्या रविवारी तो कंटाळला. तिसऱ्या रविवारी त्यानं स्वतःहून विचारलं, ‘बाबांच्या सदऱ्यांचं काही लिहिलंयस का?’ लिहिलं होतं. वस्तू नसताना घेतलेली ती एकच नोंद. ‘पुढे कुठे’ हा रकाना तिनं कोरा ठेवला होता.

कोण काय घेतं

ज्यांना वाटतं की ‘देऊन टाका कुणालातरी’ हे सोपं आहे, त्यांच्यासाठी. बोहारणीला धड, अखंड साडी लागते. विरलेल्या सुती साड्या बघून तिनं चाळीस रुपयांचं स्टीलचं वाडगं पुढे केलं आणि आत्यानं ते अपमान म्हणून परत केलं. सुती कापड शेवटी ‘गूंज’ या संस्थेकडे गेलं. जुन्या कापडाचा अगदी चिंधीपर्यंत उपयोग करण्याचं काम ती १९९९ पासून करते. पाळीच्या कापडी पट्ट्या होतात, चिंध्यांच्या सुजन्या होतात, हे ऐकल्यावर आत्यानं स्वतः सगळ्या साड्या इस्त्री केल्या. एका शाळेनं जागा नाही म्हणून सांगितलं. अंगणवाडीच्या सेविकेनं काड्या, लोकर, पुठ्ठे आनंदानं नेले, मणी-बटणांना मात्र हात जोडले : ‘नको बाई, पोरं गिळतात.’ बटणं एका शिंप्यानं वजनावर घेतली. थर्माकोल कुणीच घेतला नाही. पत्रिका रद्दीत गेल्या, सोनेरी गणपती सोडून. ते ‘पायदळी येतील’ म्हणून राहिले, आणि यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटचा आठवडा वाईट गेला. वहीचे नियम, कसोट्या, सगळं बाजूला पडलं आणि मजूर दारात असताना आम्ही पंधरा-वीस खोकी न उघडता नव्या घरी हलवली. तिनं दोन रात्री जेवण केलं नाही. ३१ मे रोजी रिकाम्या आतल्या खोलीत पलंग उभा होता तिथे फरशीचा रंग वेगळा होता. आत्या ती जागा झाडत बसली, पाडायच्या घरातली.

आता आठ महिने झालेत. नव्या घरात ती पलंगावर झोपते. ठरल्याप्रमाणे हस्तकलेचं सामान एका कपाटात, दार बंद होईल इतकंच. दार नोव्हेंबरपर्यंत बंद होत होतं, आता त्याला स्टुलाचा टेकू आहे. न उघडलेल्यांपैकी नऊ खोकी अजून तशीच आहेत. नातवाची गोधडी झाली, माझी निम्म्यावर आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन एका डोळ्याचं झालं.

मागच्या रविवारी मी गेले तेव्हा वही टेबलावर उघडी होती. ६१३ वी नोंद ताजी होती. बिल्डरनं पाठवलेली भूमिपूजनाची पत्रिका, जाड, वर उठावाचा सोनेरी गणपती. ‘काय आठवतं’च्या रकान्यात तिनं आधी ‘लागेल’ लिहिलं होतं. ते एका रेघेनं खोडून पुढे लिहिलं होतं : आवडली.